गादी सरकलेल्या कुत्र्यावर तालुक्यातच उपचार व्हायला हवेत

कोकणात कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले की घरात तीन तर्क निघतात. साप चावला, पिसाळला, किंवा वारं गेलं. यातला एकही तर्क अगदी हवेतला नाही. पावसाळ्यात मण्यार पडवीपर्यंत येते आणि तिच्या विषाने अंग लुळं पडतं. रेबीजचाही एक प्रकार असा आहे की कुत्रा चवताळत नाही, नुसता लुळा पडत जातो. म्हणून लस टोचलेली नसेल तर हात लावण्याआधी दहादा विचार करावा, हे आधीच सांगून ठेवतो. पण डॅशहंड, शिट्झू, ल्हासा, बीगल, कॉकर स्पॅनिएल अशा जातीचा तीन ते सात वर्षांचा कुत्रा काल संध्याकाळी ठणठणीत असेल, आज त्याचे पुढचे पाय भक्कम असतील, भूक आणि माणसांची ओळख शाबूत असेल आणि नुसता मागचा भाग फरफटत असेल, तर चौथी शक्यता आधी तपासायला हवी. पाठीच्या मणक्यातली गादी फुटून आतला ऐवज मज्जारज्जूवर आला असण्याची.

पुढे काय होतं ते मी आमच्या भागात वर्षानुवर्षं बघतो आहे. मी पशुवैद्य नाही. अडलेल्या जनावरांसाठी धावपळ करणाऱ्या लोकांपैकी एक आहे. कुत्र्याला टोपलीत घालून दवाखान्यात आणतात, त्याला एक इंजेक्शन मिळतं आणि घरच्यांना एक वाक्य मिळतं: मुंबईला न्या, एमआरआय करा, ऑपरेशन करा, आणि ते झेपणार नसेल तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा. शेजारीपाजारी तेच म्हणतात, "पाय गेले तेचे, आता काय करतलस?" घरातली माणसं हिशोब करतात, रडतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पर्यायाकडे वळतात.

या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा, अभ्यासलेला, चिरफाड नसलेला उपचार आहे. काटेकोर विश्रांती, योग्य वेदनाशामक, लघवी-त्वचेची निगा आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तो देता येतो. तो दिला जात नाही, कारण त्याला कोणी उपचार मानतच नाही. ऑपरेशन परवडत नाही त्यांच्यासाठीची ती समजूत आहे, असं डॉक्टर आणि मालक दोघेही धरून चालतात. माझं म्हणणं असं की हा उपचार सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांनी शिकून घेतला पाहिजे, रीतसर दिला पाहिजे, त्याची फी घेतली पाहिजे आणि तो कुठे थांबतो हेही मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आधी आजार समजून घेऊ. दोन मणक्यांमधली गादी शहाळ्यासारखी असते: बाहेर चिवट धाग्यांचं वेष्टण, आत मऊ ऐवज. डॅशहंडसारख्या जातींत पहिल्या एक-दोन वर्षांतच आतला मऊ भाग आटून कडक होऊ लागतो, पुष्कळदा त्यात चुना धरतो. मग एखाद्या उडीत, कधी काहीच निमित्त नसताना, बाहेरचं वेष्टण फाटतं आणि आतले कण थेट मज्जारज्जूवर आदळतात. हान्स-योर्गन हान्सेन या स्वीडिश पशुवैद्यकाने १९५२ साली याचे दोन प्रकार नीट मांडले. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात मोठ्या जातीच्या, उतारवयातल्या कुत्र्यांत गादी हळूहळू फुगत जाते. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिल्या प्रकाराशी जोडलेला जनुकीय बदल कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर दाखवून दिला. म्हणजे आपण लाडाने ज्याला बुटका म्हणतो, त्याच्या बुटकेपणाच्या वारशातच हा धोका आहे. डॅशहंडांमध्ये आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होण्याचं प्रमाण साधारण चार-पाचांत एक इतकं मोठं आहे.

आता उपचाराच्या दृष्टीने कळीची गोष्ट. गादी फुटते तेव्हा मज्जारज्जूला दोन प्रकारची इजा होते. एक आदळण्याची, म्हणजे मुका मार. दुसरी दाबाची. ऑपरेशन करून सर्जन मणक्याच्या हाडाला खिडकी पाडतो आणि तो ऐवज काढून दाब कमी करतो. मुक्या मारावर ऑपरेशनचा काही इलाज चालत नाही, तो मज्जारज्जूचा मज्जारज्जूनेच भरून काढायचा असतो. आणि दाबही कायम तेवढाच राहत नाही: सूज ओसरते, बाहेर आलेला ऐवज काही अंशी शरीर शोषून घेतं, फाटलेल्या वेष्टणावर व्रण धरतो. या सगळ्याला आठवडे लागतात आणि त्या आठवड्यांत पाठ हलली तर आणखी ऐवज बाहेर येऊ शकतो. विश्रांतीला इतकं महत्त्व आहे ते म्हणून.

आकडे बघा. २०२२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने या आजारावर एक सहमतीचं निवेदन काढलं, त्यात तोवरचे अभ्यास एकत्र केले. चालू शकणाऱ्या, पण लडखडणाऱ्या किंवा नुसतंच दुखणाऱ्या कुत्र्यांपैकी ऑपरेशनशिवाय साधारण ८० टक्के सुधारतात. पाय हलतात पण उभं राहता येत नाही, अशांचंही प्रमाण जवळपास तेवढंच. पाय पूर्ण गेलेत पण बोटांना वेदना कळते, अशांत ते ६० टक्क्यांच्या आसपास येतं. ऑपरेशन केलं तर या गटात ९० टक्क्यांहून जास्त चालू लागतात. आणि वेदनाच कळत नाही अशांत ऑपरेशनशिवाय जेमतेम २० टक्के, ऑपरेशनने साधारण ६०. ऑपरेशनशिवायचे आकडे लहान आणि कच्च्या अभ्यासांतून आलेले आहेत, शिवाय विश्रांतीने बऱ्या झालेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाणही बरंच असतं. तरीसुद्धा ज्या कुत्र्याचे पाय अजून थोडे हलताहेत त्याला "मुंबई किंवा मरण" असं सांगणं या आकड्यांपुढे कसं टिकतं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते पहिल्या दिवसाच्या तपासणीवर. या तपासणीला एमआरआय लागत नाही, एक्स-रेही लागत नाही; एक्स-रेत मज्जारज्जू दिसतच नाही. लागतो एक चिमटा आणि पाच मिनिटं. कुत्र्याला शांत आडवं धरायचं, मागच्या पायाच्या बोटाचं हाड आर्टरी फोर्सेपच्या टोकात पकडायचं आणि हळूहळू दाब वाढवत न्यायचा. बघायचं ते मात्र तोंडाकडे, पायाकडे नाही. बहुतेक चूक इथेच होते. पाय झटकन आखडला की घरचे आनंदतात, "कळतंय त्याला!" पाय आखडणं ही कंबरेखालच्या मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेंदूपर्यंत काही पोचलं नाही तरी ती होते. कुत्र्याने मान वळवली, कण्हला, चावायला आला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तर वेदना वर पोचते आहे. पाय आखडला आणि तोंडावर काहीच उमटलं नाही, तर ती पोचत नाही. या एका फरकावर पुढचा सगळा निर्णय उभा असतो आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चिमटा हातात घेतलाच जात नाही. डॉक्टरांना येत नाही असं मला म्हणायचं नाही. अभ्यासक्रमात ते सगळे शिकलेले असतात. पण गाईम्हशींच्या विण्यात, लंपीच्या साथीत, कृत्रिम रेतनाच्या उद्दिष्टांत वर्षं गेली की कुत्र्याच्या मज्जारज्जूची तपासणी हातातून सुटते. ती पुन्हा हातात आणून देणं हे खात्याचं काम आहे.

आता विश्रांती. "आठ दिवस आराम द्या" असं मोघम सांगितलं जातं आणि इथेच उपचार बुडतो. विश्रांती म्हणजे पिंजरा. कुत्र्याला उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून पडता येईल एवढाच. किमान चार आठवडे. अनेक डॉक्टर सहा सांगतात. बाहेर काढायचं ते फक्त लघवी-शौचाला, छातीला पट्टा आणि पोटाखाली टॉवेलची झोळी देऊन, पाच मिनिटांत परत. कोचावर उडी नाही, जिना नाही, पाहुणे आले म्हणून अंगणात धाव नाही. आपल्याकडच्या घराला हे जड जातं, कारण घरच तसं बांधलेलं आहे: उंच जोतं, खळ्यातून ओटीवर यायला चिऱ्याच्या पायऱ्या, प्रत्येक दाराला उंबरठा. पूर्वी जमीन सारवलेली असायची, तिच्यावर पाय तरी रोवला जायचा. आता सगळीकडे गुळगुळीत लाद्या, आणि कमजोर मागचे पाय त्यांवर फाकत जातात. एखादं गोणपाट किंवा रबरी चटई घातली तर हे निम्मं सुटतं, पण ते सांगायला हवं ना कुणीतरी.

पिंजऱ्याबद्दल लोक म्हणतात, मुक्या जनावराला कोंडून ठेवणं पाप आहे. मला हे म्हणणं कळतं, पण पटत नाही. बिबट्या ओटीवरून कुत्रा उचलतो म्हणून याच गावांत कुत्र्याला रात्री जाळीत घालतात आणि त्यात कुणाला पाप दिसत नाही. गावच्या सुताराकडून फळ्या ठोकून घेतलेला पिंजरा पुरतो. माजघरात, माणसांच्या वावरात ठेवावा, म्हणजे कुत्रा भुंकून जीव टाकत नाही. महिनाभराच्या कोंडीने त्याचे पाय परत येणार असतील तर दया कशात आहे, हे ठरवायला फार वेळ लागू नये.

लघवीची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण पाय गेलेले कुत्रे गावाकडे मरतात ते बऱ्याचदा हिच्यामुळे. मज्जारज्जू दबला की मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही. ते भरत जातं, तट्ट होतं आणि मग थेंब थेंब गळू लागतं. खालचं फडकं ओलं दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात की लघवी होते आहे. होत नसते, ओसंडत असते. आत साचलेली लघवी कुजते, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो, आणि ताण सोसून सोसून मूत्राशयाचे स्नायू कायमचे सैल पडतात. उपाय हातात आहे, शब्दशः हातात. कुत्र्याला उभं धरायचं किंवा कुशीवर घ्यायचं, पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी तळहात सपाट ठेवायचे, आत संत्र्याएवढा ताठ गोळा लागतो तो हळूवार पकडून शेपटीच्या दिशेने एकसारखा दाब द्यायचा. बोटं रुतवायची नाहीत. दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या दिवसांत मूत्राशयाचं तोंड आवळलेलं असतं तेव्हा ढिलं करणारं औषध द्यावं लागतं, कधी नळी घालावी लागते. हे एकदा डॉक्टरांनी समोर करून दाखवलं आणि आपला हात धरून करवून घेतलं की कुणालाही येतं. कागदावर लिहून दिलं तर येत नाही. त्याच्या जोडीला दर चार तासांनी कूस बदलणं, खाली कोरडं अंथरूण, ढुंगणाकडचे केस कापून जागा धुऊन पुसून कोरडी ठेवणं. जून ते सप्टेंबर हवेत कापड वाळत नाही त्या आपल्या भागात यात एक दिवस जरी हयगय झाली तरी कातडी सोलवटते, माशी बसते, जखमेत आळ्या पडतात. मग ज्या कुत्र्याचे पाय आठवडाभरात हलायला लागले असते त्याला आळ्यांच्या जखमांपायी झोपवलं जातं.

आणि हे सगळं करतं कोण? घरातली बाई. मुंबईचा मुलगा पग नाहीतर शिट्झू गावी आणून ठेवतो, सांभाळतात आईवडील. दिवसातून चार वेळा मूत्राशय रिकामं करणं, फडकी धुणं, रात्री उठून कूस बदलणं हे सत्तरीच्या आईच्या वाट्याला येतं, भाताची लावणी आणि गणपतीची तयारी सांभाळून. "बिनऑपरेशनचा स्वस्त उपचार" असं म्हणताना या श्रमाची किंमत आपण शून्य धरतो. मी या उपचाराची बाजू घेतो आहे, म्हणून मलाच हे आधी सांगायला हवं: ज्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे तिथे सहा आठवड्यांचा हा उपचार कागदावर सोपा आणि प्रत्यक्षात अशक्य असू शकतो. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात निदान पहिले आठ-दहा दिवस कुत्रा ठेवून घ्यायची सोय, किंवा रोज एकदा येऊन जाणारा शिकलेला मदतनीस, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. त्याचे पैसे मालकाने द्यावेत. मुंबईच्या एका फेरीहून ते कमीच होतील.

औषधांत मोठं कोडं नाही, पण एक हानिकारक सवय मोडायला हवी. गादी सरकली की स्टेरॉइडचं जोरदार इंजेक्शन, ही आपल्याकडची जुनी रीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चांगल्या चाचणीत, वेदना न कळणाऱ्या कुत्र्यांत ऑपरेशनच्या जोडीला दिलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनचा काही फायदा दिसला नाही, आणि २०२२ चं निवेदनही सरसकट स्टेरॉइड देऊ नका असंच सांगतं. त्याहून वाईट म्हणजे सकाळी एका दवाखान्यात स्टेरॉइड आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे वेदनाशामक. दोन्ही एकत्र पोटात गेली की आतड्याला छिद्र पडेपर्यंत मजल जाऊ शकते. घरातलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक तर कुत्र्याला द्यायचंच नाही. मेलॉक्सिकॅम मात्र आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात असतं, आणि त्याला एक चांगलं कारण आहे: २००६ साली गिधाडं वाचवण्यासाठी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि त्याच्या जागी गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम पुढे आलं. कुत्र्यासाठीची मात्रा गुरांसारखी अंदाजाने देता येत नाही, वजन करून मोजावी लागते, एवढं पाळलं की मुख्य औषध तालुक्यात आहेच. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं.

सुया आणि लेझर यांबद्दल मला जपून बोलायचं आहे, कारण शहरांतून आता यांच्या जाहिराती आपल्याकडेही पोचताहेत. सुयांना सौम्य वीज देऊन करायच्या ॲक्युपंक्चरवर ब्राझीलमध्ये झालेला २०१० चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात जुन्या, गंभीर केसेस असलेल्या ४० कुत्र्यांत सुयांचा गट नुसत्या ऑपरेशनच्या गटापेक्षा चांगला निघाला. आशा वाटावी असा निकाल आहे. पण गट लहान होते आणि ऑपरेशनच्या गटाची माहिती जुन्या नोंदींतून उचललेली होती, म्हणून त्यावरून ऑपरेशनला रजा देता येत नाही. लेझरच्या उपचाराने ऑपरेशननंतर कुत्री लवकर चालू लागतात असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं, नंतरच्या चाचणीत तो फरक दिसला नाही. दोन्हींमुळे अपाय फारसा होत नाही, वेदना कमी होण्याला मदत होऊ शकते, आणि विश्रांतीच्या जोडीला कुणी शिकलेला डॉक्टर ते देत असेल तर मी घेईन. विश्रांतीच्या ऐवजी देत असेल तर दारातूनच परत फिरेन. रोज लेझरसाठी स्कूटरच्या पुढ्यात बसवून खड्ड्यांतून कुत्रा नेणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं आहे. स्टेम सेलच्या इंजेक्शनची तर नुसती फीच ऐकायला मिळते. ज्याच्या बळावर ती मागावी असा पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

कातडीतून सुई घालून गादीपर्यंत पोचायचे मार्गही आहेत. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात सुईतून लेझरचा तंतू घालून गादीचा आतला भाग जाळून टाकतात, आणि २००३ साली त्यांनी २७७ कुत्र्यांवरचे निष्कर्ष मांडले. पण ते पुढचा झटका टाळण्यासाठी आहे, आज पाय गेलेल्या कुत्र्यासाठी नाही. पपईच्या चिकातल्या कायमोपपेन या द्रव्याने गादी विरघळवण्याचा प्रयोग माणसांवर आणि कुत्र्यांवर झाला, माणसांसाठी त्याला अमेरिकेत १९८२ साली मान्यताही मिळाली, पुढे ॲलर्जीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे ते मागे पडलं. (ते शुद्ध केलेलं द्रव्य क्ष-किरणांच्या मदतीने नेमकं गादीत सोडायचे. पपईचा चीक कुत्र्याच्या पाठीला चोळून काहीही होत नाही, कातडी तेवढी भाजते.) जपानमध्ये २०१८ साली माणसांसाठी अशाच कामाचं दुसरं विकर (एन्झाइम) मान्य झालं. हे सगळं वाचून मला आनंद होतो, पण कणकवलीच्या कुत्र्याला आज त्याचा उपयोग नाही. उंडीचं तेल हलक्या हाताने पायांना लावायला माझी हरकत नाही. पाठ रगडायला आणि हाडवैद्याकडून कंबर खेचून घ्यायला आहे, कारण फुटलेल्या गादीतून उरलेला ऐवज बाहेर ढकलायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

मग ऑपरेशन कुणाला? ज्याला बोटाच्या चिमट्याची वेदनाही कळत नाही त्याला, ताबडतोब, तासांच्या हिशोबात. जो कालपर्यंत चालत होता आणि आज झपाट्याने ढासळतो आहे त्याला. विश्रांती आणि औषध चोख चालू असूनही दुखणं हटत नाही किंवा जो खालावत जातो त्याला. अशा कुत्र्याला "आधी महिनाभर आमचं लेझर घेऊन बघा" असं सांगणारा त्याचे पाय विकून पैसे घेत असतो. रत्नागिरीहून मुंबईतलं परळचं पशुवैद्यक महाविद्यालय सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, सावंतवाडीहून पाचशेच्या आसपास, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललेलं. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरने पहिल्याच तासात वेदना तपासून ठरवायला हवं की या कुत्र्याने रस्ता धरायचा की पिंजरा. रस्ताच धरायचा असेल तर पाठीखाली फळी, फळीला पट्ट्यांनी बांधलेला कुत्रा, मूत्राशय रिकामं करून, आणि पुढच्या डॉक्टरांसाठी तपासणीची वेळ लिहिलेली चिठ्ठी. वेदना न कळणाऱ्या कुत्र्यांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्क्यांत मज्जारज्जू वरच्या दिशेने कुजत जातो आणि काही दिवसांत श्वास थांबतो. तिथे झोपवणं हीच दया आहे, आणि ते सांगायचं धैर्यही याच डॉक्टरकडे हवं.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. इथे माणसांना डोक्याचा मार लागला तर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, आणि तुम्ही कुत्र्याच्या मणक्याचं काय घेऊन बसलात? आक्षेप खरा आहे आणि त्यातला संताप माझाही आहे. पण मी एमआरआय मागत नाही, सर्जन मागत नाही, इमारत मागत नाही. जिल्हा परिषदेचे श्रेणी एकचे दवाखाने आहेत, त्यांत पदवीधर पशुवैद्यक आहेत, जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, १९६२ नंबरवर फिरतं पथक येतं. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे, शिरवळला दुसरं आहे. तिथल्या शल्यचिकित्सा विभागातल्या शिक्षकांनी वर्षातून एकदा जिल्ह्याला येऊन दोन दिवस ही तपासणी आणि मूत्राशयाची निगा हातात हात धरून शिकवली, आणि अडलेल्या केससाठी फोनवर उपलब्ध राहिले, तर माणसांच्या वाट्याचा एक रुपयाही इकडे वळत नाही. शिवाय हे शिकलेला हात फक्त डॅशहंडच्या कामाचा नसतो. महामार्गावर गाडीखाली येऊन कंबर मोडलेला गावठी कुत्रा तुमच्याआमच्या वाडीत कितीतरी वेळा येतो. तो पाच मिनिटांत तपासला तर कळतं की याला वाचवायचं की याचे हाल थांबवायचे.

विक्रेत्यांबद्दल थोडक्यात. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम २०१७ पासून आहेत, नोंदणी बंधनकारक आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमध्ये पैदाशीच्या डॅशहंडच्या पाठीचा एक्स-रे काढून गाद्यांत चुना किती धरला आहे ते मोजतात आणि जास्त असलेल्याची पैदास टाळतात. एक्स-रे आपल्याकडेही निघतो. पिल्लू घेणाऱ्याने आईबापाचा एक्स-रे मागायला सुरुवात केली तरी पुष्कळ फरक पडेल.

आत्ता, या घडीला, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येक तालुक्यात एका डॉक्टरचं आणि एका मदतनीसाचं प्रशिक्षण, दवाखान्याच्या आवारात दोन-तीन कोरडे पिंजरे, लघवीच्या नळ्या आणि छोट्या जनावरांचा वजनकाटा, केसपेपरवर वेदनेच्या तपासणीसाठी एक ठरावीक रकाना, आणि या सगळ्याची ठरवून दिलेली, पावती मिळणारी फी. रकाना रिकामा असेल तर मालकाने तो भरून मागावा. पावसाळा सुरू झाला की दवाखाने गुरांच्या लसीकरणात बुडतात, तेव्हा हे प्रशिक्षण मे महिन्याच्या आत उरकायला हवं, आणि त्यासाठीचे अर्ज ग्रामसभांतून ठराव करून जानेवारीतच गेले पाहिजेत. आमच्या गावचा मसुदा तयार आहे. ज्यांना हवा त्यांनी तो जसाच्या तसा उचलून आपल्या गावाचं नाव घालावं.